रुपचंदला ताप नाही

पाचोऱ्यापासून नऊ किलोमीटरवर बोरटेक नावाचं गाव आहे. त्या गावात असं एकही घर नाही, ज्याच्या चुलीपर्यंत हेमलता गेलेली नाही. ती तिथली अंगणवाडी सेविका. कुणाच्या पोराचं वजन दोन महिने हललेलं नाही, कोणती सून लोहाच्या गोळ्या घेतल्याचं सांगते आणि उकिरड्यावर टाकते, कोणत्या घरात म्हातारीच्या ताटात शेवटी काहीच उरत नाही, हे सगळं तिला ठाऊक. सतरा वर्षं गृहभेटी देऊन देऊन तिला माणसं वाचता यायला लागली होती. गावात तिच्या शब्दाला वजन होतं. हेमलताबाई बोलली म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालत.

आणि तीच हेमलता घरी आठ वर्षं धडधडीत खोटं बोलत होती.

तिचा नवरा रुपचंद मोटार वाइंडिंगचा कारागीर. स्टँडजवळ त्याचं दुकान. विहिरीतली मोटार जळाली की शेतकरी ती मोटरसायकलवर आडवी बांधून त्याच्याकडे आणायचे. तांब्याची तार त्याच्या बोटांतून अशी सुटायची, की बघणारा बघतच राहावा. पाचोऱ्यात मोठी दुकानं होती, तरी लोक म्हणायचे, रुपचंदने तार भरलेली मोटार चार उन्हाळे बघायची गरज नाही. मोटार सुरू झाली, पाटात पाणी खळाळलं, की खूश झालेला मालक त्याला बसवून घ्यायचा. ग्लास तिथे पहिल्यांदा हातात आला. पुढे मालक नसला तरी ग्लास असायचा. त्यानंतर मोटारही नसायची.

रुपचंदने कधी हात उचलला नाही. पिऊन आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा, एवढंच. पण दारात गिऱ्हाईक उभं राहायचं आणि त्याला काहीतरी सांगावं लागायचं. त्याची आई सुंदरबाई सांगायची, "रुपचंदले ताप शे, भाऊ. दोन दिनपाईन पडेल शे." हेमलता फोनवर सांगायची, "अहो, ते जळगावला सामान आणायला गेलेत." सासू-सुनेचं एरवी फारसं पटत नसे. ह्या एका कामात मात्र दोघींचा मेळ असा, की एकीने सुरू केलेलं खोटं दुसरीने न अडखळता पुढे न्यावं.

दीड वर्षापूर्वीच्या डिसेंबरात रुपचंदला रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी आधी दवाखान्यात ठेवून घेतलं, मग धुळ्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. हेमलताचं माहेर धुळ्यालाच, देवपुरात. रुपचंद तिथे कामाला गेलाय, असं गावात सांगायला ते बरं पडलं. भावाकडे काम आहे म्हणून दर रविवारी ती निघायची, पारोळ्याला एसटी बदलायची आणि दुपारी केंद्रात पोहोचायची. रविवारी तिथे घरच्या माणसांची बैठक असे. ती घेणाऱ्या मंजुळाबाई निवृत्त नर्स होत्या. त्यांचा नवरा ह्याच आजाराने गेलेला. आवाज ठणठणीत, अंगावर इस्त्रीचं सुती लुगडं, आणि कुणी रडायला लागलं की घाईघाईने गप्प न करण्याची सवय.

पहिल्या दिवशी हेमलता वही घेऊन गेली होती. रुपचंद किती वर्षं पितो, काय पितो, कुणाबरोबर बसतो, सगळं तिने अंगणवाडीचा अहवाल वाचावा तसं वाचून दाखवलं. मंजुळाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता वही मिटा. काल तुम्ही काय जेवलात?"

हेमलता गडबडली. "मी?"

"तुम्हीच."

तिला आठवेना. परवाचंही आठवेना. रुपचंदने मंगळवारी दवाखान्यात अर्धी भाकरी टाकली होती, हे मात्र तिला आठवत होतं. खोलीतल्या पंधरा-वीस बायका तिच्याकडे बघत होत्या. कुणाच्याही चेहऱ्यावर कीव नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. ती जागच्या जागी रडली. सतरा वर्षं दुसऱ्यांची वजनं करणाऱ्या बाईला आपण किती झिजलो, हे त्या दिवशी कळलं.

"दारू तुम्ही पाजली नाही," मंजुळाबाई पुढच्या एका रविवारी म्हणाल्या. "ती सोडवणंही तुमच्या हातात नाही. पण तो पडला की त्याच्या खाली गादी सरकवायचं काम तुम्ही करताय. ते थांबवणं तुमच्या हातात आहे. मार पडत असेल तर मात्र आधी घराबाहेर पडा, मग माझ्याकडे या. मार खाणं कुठल्याच पथ्यात बसत नाही."

रुपचंद जानेवारीच्या अखेरीस घरी आला. तब्येत सुधारली होती, दुकान उघडायला लागला. सुंदरबाईने कुलदेवीला नारळ फोडला. गावाने ह्यातलं काही बघितलं नव्हतं, त्यामुळे गावाला काही कळलंही नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, पुरणाचे मांडे निघाले आणि पुरुष पत्त्यांच्या डावांना बसले. रुपचंद डाव बघायला म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेला होता.

हेमलताने आदळआपट केली नाही. मंजुळाबाईंनी सांगून ठेवलं होतं, हा आजार उलटतो. पण त्या आठवड्यात एक गोष्ट घडली. तिची मुलगी सोनल, दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेली. रुपचंदचा फोन वाजला आणि सोनलने तो उचलला. "पप्पा ना? ते आत्ताच अंघोळीला गेलेत. नाही नाही, कामावरच निघालेत. मी सांगते हं." आवाजात गोडवा, एक कणही थरथर नाही. फोन ठेवून ती परत मोबाइलवर रील बघायला लागली. रुपचंद पलीकडच्या खोलीत घोरत होता.

हेमलता चुलीपाशी उभी होती. पोरगी किती सफाईने बोलली, असं तिच्या मनात आलं. हे पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. ती बघत बघत शिकली होती.

तीन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास तोतारामआबा दारात आले. गावात मान असलेला माणूस. त्यांची मोटार रुपचंदच्या दुकानात उघडून पडली होती, आणि इकडे मेच्या उन्हात केळीचा बाग पाण्यावाचून माना टाकत होता. सुंदरबाई लगबगीने पुढे झाली.

"या आबा. काय सांगू, रुपचंदले ताप शे. डोकं वर नही करी ऱ्हायना."

आबांनी तिचं ऐकलं, पण बघितलं हेमलताकडे. ती अंगणवाडीला निघाली होती, खांद्याला पिशवी होती.

"बाई, तू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तर आणखी दोन दिवस थांबतो. पण बाग जाईल माझा."

हेमलताने पिशवी खाली ठेवली. नंतर ती सांगायची, त्या वेळी काही धैर्य वगैरे आलं नव्हतं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. जो आला, तो खरा होता.

"आबा, त्यांना ताप नाही. पिऊन पडलेत. दोन दिवसांत उठतील असं मी म्हणू शकत नाही. तुमची मोटार तुम्ही पाचोऱ्याला न्या. दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. मी टेम्पोवाल्याला फोन करते."

सुंदरबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आबांनी मान खाली घातली, पायातली चप्पल उगाच सारखी केली आणि "बरं" म्हणाले. अर्ध्या तासात मोटार टेम्पोत चढली. हेमलता अंगणवाडीत गेली, पोरांच्या हजेऱ्या घेतल्या, खिचडी वाटली. तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं.

दुपारी घरी आली तर सुंदरबाई दारातच.

"मना आंडोरनी, मना रुपचंदनी अब्रू तू चावडीवर टांगी दिनी! आठ वरीस मी झाकी ठेवी, तू एक शब्दमा उघडी पाडी!"

"आत्या, झाकून ते बरे झाले का?"

सुंदरबाईने आपलं पीठ-मीठ वेगळं काढलं आणि पडवीत तीन दगडांची चूल मांडली. सुनेच्या हातचं खाणार नाही, सुनेशी बोलणार नाही.

रुपचंदने आतून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तो उठून बसला. "तू मला गावात मारून टाकलंस," म्हणाला.

"मी फक्त तुम्हाला ताप आहे म्हणाले नाही," हेमलता म्हणाली. "इथून पुढेही म्हणणार नाही. तुम्ही शुद्धीवर असाल तेव्हा जेवायला वाढेन, बोलेन, दवाखान्यात जायचं असेल तर बरोबर येईन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

तो पुन्हा आडवा झाला. जेवताना सोनलने हळूच विचारलं, "मम्मी, आता मीपण खरं सांगायचं?"

"कुणी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर आपण होऊन सांगायची जबरदस्ती नाही."

सोनलने मान हलवली. मग बराच वेळ रडली, आणि मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गावात बोलणं तर होणारच होतं. दोघा-तिघांनी आपल्या मोटारी उचलून नेल्या. पाणी भरायला गेलं की बायका गप्प व्हायच्या. हेमलता गृहभेटींना जात राहिली. तिला वाटलं होतं, आता लोक दार उघडताना कचरतील. झालं उलटंच. चौथ्या दिवशी तोतारामआबांची बायको कमलबाई चाळणी मागायला आली. तिच्या घरात चार चाळण्या असणार, हे हेमलताला माहीत होतं. तिने चहा टाकला आणि वाट बघत बसली.

"आमचा गोपाल नाशिकला नोकरीला आहे ना," कमलबाई कपाकडे बघत म्हणाली.

"हो, तुम्ही सगळ्यांना तसंच सांगता."

"नाही तो नाशिकला. पितो. मळ्यातल्या खोलीत असतो. आबा त्याला गावात येऊ देत नाहीत. डबा मी नेते." तिने कप खाली ठेवला. "त्या दिवशी आबा घरी आले आणि जेवलेच नाहीत. म्हणाले, एका बाईने दारात उभं राहून खरं सांगितलं, आणि आपण दोघं वर्षभर नाशिक-नाशिक करतोय."

हेमलताला धुळ्याची रविवारची खोली आठवली. ह्या बाईला तिथे न्यावं, असं तिच्या मनात आलं. पण कमलबाई गावाबाहेर काय सांगून पडणार? आणि कमलबाई एकटी थोडीच होती? गृहभेटींतून हेमलताला निदान सात घरं माहीत होती. बायका एकत्र आल्या, की गाव विचारणार, कशाला जमल्या. उत्तर तिला घरीच सापडलं. मे महिना होता. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे दिवस. ज्वारीचा घाटा शिजवायचा, तीळ-मिरची घालायची, ओल्या फडक्यावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. चार बायका एका चुलीभोवती चार तास बसल्या, तर खानदेशात कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

रविवारी सकाळी हेमलताच्या अंगणात अशा घरांतल्या पाच जणी जमल्या. घाटा चुलीवर चढला आणि हेमलताने सुरुवात केली. व्यसन हा आजार आहे, त्याच्या अमुक पायऱ्या, कुटुंबाची तमुक भूमिका. पाच मिनिटं झाली असतील. कमलबाई म्हणाली, "बाई, हे तू अंगणवाडीत शिकवतेस तसं झालं. शिकवू नको. तुझं सांग."

हेमलता ओशाळली, मग हसली. आणि तिने सांगितलं. रुपचंदच्या चपलांचा आवाज कसा आला म्हणजे तो पिऊन आलाय, हे आपल्याला कसं कळतं. सणाला माहेरची माणसं येणार म्हटलं की त्यांना टाळायला आपण कारणं कशी शोधतो. एकदा रागाच्या भरात तो मरून जावा असं मनात आलं, आणि नंतर आठ दिवस देवापुढे दिवा लावायला हात धजला नाही. सारिका नावाची एक तरुण सून फडकं पिळत होती, ती पिळतच राहिली.

पडवीत सुंदरबाई बसली होती. नऊ दिवस झाले, ती सुनेशी एक शब्द बोललेली नव्हती. पण तिची नजर घाट्यावर होती. उभ्या गावात तिच्यासारखे बिबडे कुणाचे होत नसत, आणि ह्या पाच जणींचं चाललेलं तिला बघवेना. शेवटी ती उठली, हेमलताच्या हातातून लाकडी चाटू ओढून घेतला.

"आसं नही करतंस वं माय! बठ्ठं पातळ व्हई गयं. सरका."

ती चुलीपुढे बसली. घाटा घट्ट येईपर्यंत घोटत राहिली. बायका थापायला लागल्या आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. कमलबाई गोपालविषयी सांगत होती. जन्माच्या वेळचं, शाळेतलं, आणि आता मळ्यात डबा ठेवताना तो नजर कशी चुकवतो ते. सुंदरबाईचा हात मध्येच थांबला.

"तुना सासरा बी पेत व्हता," ती हेमलताकडे न बघता म्हणाली.

हेमलताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सासऱ्याच्या फोटोला ह्या घरात रोज हार असे. शांत माणूस, हृदयविकाराने गेले, असं तिला लग्नापासून सांगितलेलं.

"काळीज नही. दारूच व्हती. मी कोणलेच नही सांगं. रुपचंद बारा वरीसना व्हता. त्याले बी सांगं, बापले ताप शे." तिने डोळे पुसले, धूर डोळ्यांत गेला म्हणून पुसावेत तसे. "तोच ताप आते पोऱ्याले उना."

कुणीही तिला उगी उगी म्हणालं नाही. हेमलता उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. सुंदरबाईने तिला चाटू दिला. "घोट," म्हणाली. "हात थांबाडू नको, लागी जाई."

त्या दिवसापासून घरातलं खोटं संपलं, कारण ते बोलणाऱ्या दोघीच होत्या आणि दोघींनीही सोडलं. दारात कुणी आलं की सुंदरबाई म्हणायची, "आत शे. उठना तर बोला, नही तर जा." रुपचंदसाठी हे नवीन होतं. पूर्वी तो उठायचा तेव्हा जग जागच्या जागी असायचं. आता उठला की गिऱ्हाईक गेलेलं असायचं, दुकानाला कुलूप असायचं आणि जेवणाची वेळ टळलेली असायची. त्याने आरडाओरडा करून बघितला. आईपुढे रडून बघितलं. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तेच म्हणायची, "धुळे जा, भाऊ."

जूनच्या मध्यावर एका सकाळी त्याने स्वतःच पिशवी भरली. शर्टाची बटणं त्याला लावता येईनात, ती सोनलने लावली.

"येतेस का?" त्याने हेमलताला विचारलं.

"येते. पण तिथे तुमचं नाव तुम्हीच सांगायचं."

स्टँडवर दोघांनी विचारलं, कुठे निघालात. हेमलताने रुपचंदकडे बघितलं. रुपचंदने घसा साफ केला. "दारू सोडायला," म्हणाला. विचारणाऱ्यांतला एक म्हणाला, "जा, चांगलं आहे."

पुढचं सगळं सरळ झालं, असं नाही. पोळ्याला रुपचंद पुन्हा एकदा घसरला. पण त्या वेळी त्याने स्वतःच मंजुळाबाईंना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन बसला. त्याला आता दहा महिने होत आलेत. दुकान उघडं असतं. मोटारी पूर्वीइतक्या येत नाहीत, तरी येतात. तोतारामआबांनी दुसऱ्या विहिरीची मोटार त्याच्याकडेच टाकली. गोपालने एकदा केंद्रात जाऊन बघितलं, टिकला नाही, परत आला. पण आता तो घरात जेवतो, आणि आबा नाशिकचं नाव काढत नाहीत.

सारिकाची गोष्ट वेगळी. तिचा नवरा मारायचा. हे ती तिसऱ्या बैठकीत बोलली, आणि त्या दिवशी कुणीच नुसतं ऐकून घेतलं नाही. हेमलता आणि कमलबाई पोलीस पाटलाला घेऊन तिच्या घरी गेल्या, तिचं सामान भरलं आणि तिला पाचोऱ्याला भावाकडे पोहोचवून आल्या. पुढे पोलिसांत तक्रारही झाली. सारिका आता तिकडेच शिवणकाम करते, बैठकीला मात्र एसटीने येते.

बिबड्यांचे दिवस संपले तशी बैठक अंगणातून घरात आली. दर मंगळवारी, अंगणवाडी सुटल्यावर तीन वाजता, सुंदरबाईच्या पुढच्या खोलीत. आता निमित्त सांगत नाहीत. नियम तीनच. इथलं बाहेर न्यायचं नाही. दुसरीला उपदेश करायचा नाही. आणि पिणाऱ्याविषयी बोलून झालं की स्वतःविषयी बोलल्याशिवाय उठायचं नाही. तिसरा नियम मोडला की सुंदरबाई हटकते, "तुनं सांग वं, तुनं!" गेल्या महिन्यात पिंपळनेरकडून निरोप आला, आमच्याकडे अशी बैठक सुरू करायची आहे, कुणी येईल का. हेमलताने सासूला विचारलं. सुंदरबाई आयुष्यात नंदुरबारच्या एका लग्नापलीकडे कुठे गेली नव्हती. ती म्हणाली, जाऊ, पण एसटीत खिडकीची जागा माझी.

गेल्या मंगळवारी बैठक भरल्यावर दारात एक माणूस उभा राहिला. प्रेमराज गुरुजी. शेजारच्या गावच्या शाळेवरचे शिक्षक, पन्नाशीचे, हातात हेल्मेट. आत बारा बायका बघून ते दोन पावलं मागे सरले.

"माहिती विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचे एकजण आहेत. त्यांचा भाऊ... म्हणजे त्यांना विचारायचं होतं की..."

बारा जणींपैकी एकीलाही हसू आवरेना. कमलबाईने पदर तोंडाशी नेला. त्यातली प्रत्येक जण पहिल्या दिवशी कुणा ओळखीच्या बाईसाठीच आली होती. गुरुजी आधी लाजले, मग त्यांच्याही चेहऱ्यावर कसनुसं हसू आलं, आणि त्याच्या मागून डोळे भरून आले.

हेमलताने सरकून चटईवर जागा केली. गुरुजींनी बूट काढले, हेल्मेट भिंतीशी ठेवलं आणि मांडी घालून बसले.

"भाऊ माझाच आहे," ते म्हणाले.

"सांगा, गुरुजी," हेमलता म्हणाली. "घाई नाही."